महालक्ष्म्यांमागची सावली

मित्रांनो, आधी एक काम करा. जिथे बसला असाल तिथेच दोन मिनिटं अगदी गप्प बसा आणि अशी कल्पना करा, की तुमच्या खोलीला तुमचा श्वास कळतो. तुम्ही श्वास घेतला, खोलीला कळलं. सोडला, कळलं. उठून स्वयंपाकघरात गेलात, तर नुसत्या चालीवरून तिला कळलं की ही तुमची आई नव्हे, तुम्ही आहात. कुठे कॅमेरा नाही, अंगावर काही बांधलेलं नाही. तरी कळतं.

आता त्या घराला एक दार द्या. ते उघडायचं की नाही, हे घरानेच ठरवायचं.

जमलं? मग चला अमरावतीला, सावनी इंगोलेच्या घरी. गोष्ट आजपासून वीसेक वर्षांनंतरची आहे. सावनी अकरा वर्षांची. घरात तिचे बाबा सुहास आणि आबाजी, म्हणजे बाबांचे वडील. आई नागपूरच्या दवाखान्यात परिचारिका. यंदा सणाला तिला सुटी मिळाली नव्हती. म्हणून महालक्ष्म्यांचं सगळं करायला यवतमाळहून कुंदाआत्या आली होती. "माझ्या घरच्या महालक्ष्म्या जाऊबाईंच्या गळ्यात टाकून आली मी," ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती.

त्यांच्या घरात 'चाहूल' बसवलेली होती. ती कशी चालते, ते आधी समजून घेऊ, अवघड नाही. वायफायची पेटी म्हणजे राउटर. त्यातून रेडिओलहरी निघतात आणि खोलीभर पसरतात, भिंतीवर आपटून परत येतात. पाण्याने भरलेल्या परातीत बोट बुडवलं की लाटा कशा काठाला लागून फिरतात, तसंच. आता त्या परातीत एक वाटी ठेवा. लाटांची नक्षी बदलते. वाटी जराशी हलवा, पुन्हा बदलते. माणसाची छाती श्वासागणिक बोटाच्या पेरापेक्षाही कमी हलते, पण लहरींची नक्षी तेवढ्यानेही बदलते. तो बदल वाचायला संगणक शिकला, म्हणजे झाली चाहूल. हॉलमध्ये एक पेटी, स्वयंपाकघरात एक आणि आतल्या खोलीत एक. तिघी मिळून घरातल्या प्रत्येक माणसाचा ठावठिकाणा ठेवायच्या.

हे सगळं आबाजींसाठी होतं. आबाजी, दिगंबर इंगोले, एकोणचाळीस वर्षं टेलिफोन खात्यात लाइनमन होते. अलीकडे त्यांना विसर पडू लागला होता. सावनीला ते कधी 'कुंदे' म्हणायचे, कधी 'माय'. मागच्या हिवाळ्यात ते घरातून निघाले आणि सापडले दुसऱ्या दिवशी सकाळी, बडनेऱ्याच्या रस्त्यावर, एका पुलाखाली. पायात चप्पल नव्हती. तळव्यांची साल निघाली होती. बाबांनी त्यांना उचलून गाडीत ठेवलं, ते सावनीने पाहिलं होतं. पुढच्याच आठवड्यात चाहूल आली. तेव्हापासून आबाजी दाराजवळ असले की दार उघडायचं नाही. आबाजी कुठे आहेत याची खात्री नसली, तरीही उघडायचं नाही. धूर झाला किंवा आग लागली, तरच ते आपोआप सताड उघडायचं.

ही चाहूल बोलायचीसुद्धा. गोड, शांत, बाईच्या आवाजात.

"आबाजी, आपण पाणी पिऊन दीड तास झाला."

"आबाजी, आपण नऊ मिनिटांपासून न्हाणीघरात आहात. मदत हवी का?"

"आबाजी, खिडकीजवळ गार वारा आहे."

दिवसभर. नऊ महिने.

आपली गोष्ट घडली ती महालक्ष्म्यांच्या दुसऱ्या दिवशी, जेवणाच्या दिवशी. तुमच्यापैकी काहींना महालक्ष्म्या कशा बसवतात ते ठाऊक असेल. पत्र्याच्या दोन उंच कोठ्या असतात. त्यांत गहू-तांदूळ भरतात, वरून साडी नेसवतात, त्यावर मुखवटे चढवतात. आदल्या संध्याकाळी हॉलच्या कोपऱ्यात त्या दोघी बसल्या होत्या. मागे चंदेरी कागदाचा मोठा पडदा, वर दिव्यांच्या माळा.

सकाळी सात वाजता बाबा केळीची पानं आणायला निघाले आणि दार उघडलं नाही.

"एक व्यक्ती सापडत नाही," चाहूल म्हणाली. "सुरक्षिततेसाठी दार बंद आहे."

"कोण सापडत नाही?" बाबा म्हणाले. "अगं बाई, सगळे घरातच आहोत!"

पण कोण सापडत नाही, त्याचं नाव चाहूल सांगत नसे. बाहेरच्या चोराला घरात कोण आहे नि कोण नाही हे कळू नये, म्हणून तिला तसं शिकवलेलं होतं. बाबांनी मोजलं. स्वयंपाकघरात आत्या, हॉलमध्ये सावनी, महालक्ष्म्यांच्या मागे स्टुलावर माळेची वायर सारखी करत बसलेले आबाजी, आणि स्वतः. चार म्हणजे चार. त्यांनी दाराला धक्का दिला, मूठ फिरवली, पुन्हा धक्का दिला.

"सुहास, आपला श्वास जलद झाला आहे. दोन मिनिटं बसा."

"तू बस!" बाबा ओरडले.

अर्ध्या तासाने दार आपलं आपणच उघडलं. कशामुळे, ते कुणाला समजलं नाही. बाबा पळत जाऊन पानं घेऊन आले. नऊ वाजता ते पुन्हा बंद. मग बाबांनी चाहूलवाल्यांना फोन लावला. फोन ठेवून आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता, पण आवाज ठाम होता.

"ते म्हणतात, तुमच्या घरातलं वायफाय भरवशाचं राहिलं नाही. अशा घरांसाठी पायातला पट्टा असतो. घोट्याला बसवायचा, माणूस कुठे आहे ते तोच कळवतो, निघत नाही तो. माणूस चार वाजता येतो आहे."

"कोणाच्या पायात?" पडद्याची कड बाजूला सारून आबाजींनी विचारलं.

आबाजींनी खाली वाकून आपल्या पायांकडे पाहिलं आणि दोन्ही पाय हळूच स्टुलाखाली ओढून घेतले.

ते सावनीने पाहिलं. "बाबा," ती म्हणाली, "चारच्या आत मी बिघाड शोधला, तर पट्टा नको ना?"

"शोध," बाबा म्हणाले. "मला तरी हौस आहे का?"

सावनीने आधी सगळे करतात तेच केलं. तिन्ही पेट्या बंद करून पुन्हा चालू केल्या. हिरवे दिवे लागले, दार मात्र तसंच. मग तिने दिव्यांच्या माळा काढल्या, मिक्सरचं बटण बंद केलं, शेजाऱ्यांच्या वायफायशी टक्कर होत असेल म्हणून पेटीचा चॅनलही बदलला. तेवढ्यात दार उघडलं! ती आनंदाने उडी मारणार, तोच तिला कळलं की यातल्या कशामुळे उघडलं, ते सांगताच येत नाही.

आबाजी न्हाणीघरातून हात पुसत येत होते. त्यांनी नातीचं तोंड पाहिलं.

"चार गोष्टी एकदम केल्या ना तू?"

"हो."

"मंग काय समजन तुले? एका वेळी एकच चीज बदलवायची. मंग थांबायचं. मंग लिहायचं." आबाजींचा आवाज एकदम लख्ख झाला होता. "आमचा तारेतला फॉल्ट पावसाळ्यात यायचा न् जायचा. येणाऱ्या-जाणाऱ्या फॉल्टले नुसतं खांबाकडं पाहून काही समजत नाही. तो आला तवा आजूबाजूले काय होतं, ते लिहायचं. वेळ टाकून. समजलं का कुंदे?"

"मी सावनी, आबाजी."

"तेच म्हणतो मी. वही आण."

सावनीने वही आणली. दर दहा मिनिटांनी दाराची मूठ फिरवून पाहायचं आणि 'उघडं' किंवा 'बंद' लिहायचं. शेजारी काय बदललं तेही. माळा लावल्या: बंद. माळा काढल्या: बंद. शेजारचं वायफाय त्यांना सांगून बंद करवलं: बंद. हॉलमधली पेटी कपाटावर ठेवली: बंद. साडेअकराला काहीच न करता उघडं. पुन्हा बंद. खिडक्यांना गज, गच्चीच्या दारालाही तेच कुलूप. हळूहळू घर लहान होत चाललंय असं तिला वाटू लागलं. सोळा भाज्यांचा वास, चुलीची धग, आणि दाराशी गेलं की तोच गोड आवाज. सावनी घरात कित्येकदा दिवसभर बसली होती, पण 'जाता येत नाही' म्हणून बसणं वेगळं असतं, हे तिला आज पहिल्यांदा कळत होतं. आणि हा तिचा पहिलाच दिवस होता.

साडेबाराला सवाष्णी आल्या. दार बंद.

बाहेर पाच जणी जरीच्या साड्यांत, आत ताटं वाढलेली. खिडकीतून गप्पा सुरू झाल्या.

"कुंदाताई, जेवायला बोलावलं की तोंड पाहायला?"

"थांबा हो बाई जरा! घरालाच तुमची ओळख पटून नाही राहिली!"

"मागच्या वर्षी जास्त खाल्लं म्हणून का काय?"

आत्याला एक युक्ती सुचली. धूर झाला की दार उघडतं ना? तिने धुपाटण्यात मूठभर ऊद टाकला आणि ते छताला लावलेल्या, धूर ओळखणाऱ्या चकतीखाली धरून उभी राहिली. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. खोकत खोकत ती वाट पाहत होती. चाहूल म्हणाली, "धूप ओळखला. सणाच्या शुभेच्छा."

बाहेरच्या बायका खिडकीचे गज धरून हसल्या. बाबा मात्र हसले नाहीत. "चारला येऊ दे त्या माणसाला," ते म्हणाले. "आज हे संपवायचंच."

"आरतीला तरी या आबाजी," आत्याने डोळे पुसत हाक मारली. आबाजी महालक्ष्म्यांच्या मागून उठून पुढे आले, पाटावर बसले. आणि दार खट्कन उघडलं. सवाष्णी हसत आत शिरल्या. सावनीने वहीत वेळ लिहिली आणि तिची पेन्सिल थांबली.

जेवणं उरकली, बायका गेल्या. सावनीने वहीत एक नवा रकाना आखला. त्यात तिने वस्तू नाही, माणसं लिहिली. सकाळपासून कोण कुठे होतं, आठवून आठवून. आत्या स्वयंपाकघरात: कधी उघडं, कधी बंद. बाबा हॉलमध्ये: कधी उघडं, कधी बंद. आबाजी न्हाणीघरात: उघडं. आबाजी पाटावर: उघडं. आबाजी महालक्ष्म्यांच्या मागे: बंद, बंद, बंद, बंद.

तुम्हीही आता ओळखलं असेल. बॅटरीचा उजेड पत्र्याच्या डब्यावर टाका. डब्यामागे सावली पडते. रेडिओलहरींचंही तसंच असतं. लाकडातून, कापडातून त्या जातात, पण धातूवरून परततात. धान्याने भरलेल्या पत्र्याच्या दोन कोठ्या आणि त्यामागे कोपऱ्याच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणलेला चंदेरी कागद. हा कागद म्हणजे प्लॅस्टिकवर चढवलेला धातूचा पातळ थरच असतो. भिंतीपलीकडे पाण्याची मोठी टाकी होती, आणि पाणी या लहरी पिऊन टाकतं. त्या कोपऱ्यात चाहूल आंधळी होती. तिथे बसलेला माणूस तिच्या लेखी घरातच नव्हता.

सावनी कागदाचा पडदा बाजूला सारून मागे गेली. आबाजी पुन्हा तिथेच स्टुलावर बसले होते. हातात काही नव्हतं. माळ नाही, वायर नाही. डोळे मिटलेले.

"आबाजी, बिघाड सापडला."

"सापडला?" डोळे न उघडता ते म्हणाले. "कुठं हाय?"

"इथे."

"शाबास."

सावनी त्यांच्या पायांजवळ जमिनीवर बसली. "इथे महालक्ष्म्या बसवायचं कोणी ठरवलं?"

"मीच सांगतलं कुंदेले. कागदही मीच लावला." त्यांनी डोळे उघडले. "एकोणचाळीस वर्षं तारा ओढल्या म्या. तुह्यं नाव विसरतो मी, पण सावली कुठं पडते, तेवढं समजते मले."

"मग मला शोधायला कशाला शिकवलंत?"

आबाजींनी तिच्याकडे असं पाहिलं, की जणू तिने फारच वेडगळ प्रश्न विचारला होता. "तू विचारलं ना."

मग त्यांनी पुन्हा डोळे मिटले. सावनीने भिंतीला पाठ टेकली. एक मिनिट गेलं, पाच मिनिटं गेली. आणि मग तिच्या लक्षात आलं, की कुणी काही म्हणत नाहीये. पाणी प्या नाही, ताठ बसा नाही, सावनी तुझा गृहपाठ नाही. कोठीतल्या नव्या गव्हाचा वास येत होता. आबाजींचा श्वास ऐकू येत होता, तो तिला एकटीला.

"ते बाई इथं बोलत नाही," आबाजी म्हणाले.

साडेतीन वाजले होते. आता सावनी खरी अडकली. दाराआड नव्हे, तर दोन गोष्टींच्या मध्ये. बिघाड सांगितला नाही, तर चार वाजता घोट्याला पट्टा. सांगितला, तर बाबा या कोपऱ्यात चौथी पेटी ठेवणार. पट्टा टळेल, पण सावली जाईल. तशीही ती उद्यापर्यंतचीच होती. उद्या विसर्जन, कोठ्या रिकाम्या होणार, कागद गुंडाळला जाणार. आणि पुलाखालचा तो दिवसही तिला आठवत होता. बाबा खोटं घाबरत नव्हते.

ती पडद्याबाहेर आली. बाबा हॉलमध्ये फेऱ्या मारत होते.

"बाबा, सापडला बिघाड. पण बोलून सांगता येणार नाही, दाखवावा लागेल."

"दाखव."

"मागे या. कोठ्यांना धक्का लावू नका, त्या हलवायच्या नसतात. इथे खाली बसा."

"सावनी, तो माणूस आत्ता येईल..."

"बाबा, आबाजींनी मला सांगितलंय, एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि थांबायचं. तुम्ही फक्त जागा बदला. दहा मिनिटं. बोलू नका."

बाबा कुरकुरत वाकले, पडद्याच्या आत शिरले आणि आबाजींच्या शेजारी भिंतीला टेकून बसले. सावनीने बाहेरून कागद नीट ओढून घेतला.

आधी त्यांची चुळबुळ ऐकू आली. मग त्यांचा आवाज, दबका. "आबाजी, इथे का बसता हो?"

"बस ना तू. कुठी जायचं हाय का?"

आत्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. सावनीने ओठांवर बोट ठेवलं. पडद्यामागून बाबा एकदाच म्हणाले, "पाय अजून दुखतात का?" आबाजींचं उत्तर हळू होतं, सावनीला कळलं नाही.

चार वाजले. बेल वाजली.

सावनी पडद्याकडे पाहत राहिली. साडीच्या निऱ्यांच्या बाजूने, पडद्याखालून दोन माणसांचे पाय दिसत होते. म्हाताऱ्या पायांच्या भेगाळ टाचा आणि त्यांना लागून बाबांचे मोजे. बेल दुसऱ्यांदा वाजली. एकही पाय हलला नाही.

ती दाराशी गेली.

"दोन व्यक्ती सापडत नाहीत," चाहूल म्हणाली. "सुरक्षिततेसाठी दार बंद आहे."

तिने शेजारची खिडकी उघडली. बाहेर एक तरुण माणूस घाम पुसत उभा होता. खांद्याला पिशवी, हातात चपटा खोका.

"इंगोल्यांचं घर ना हे? पट्टा बसवायचा आहे."

"काका, बिघाड सापडला," सावनी म्हणाली. "पेट्या चांगल्या आहेत. वायफायही चांगलं आहे."

"मग दार उघड ना बेटा."

"ते नाही उघडत. आमच्या घरातली दोन माणसं सापडत नाहीयेत."

तो बुचकळ्यात पडला. "मग शोधा ना! मी किती वेळ थांबू? कोणी मोठं आहे का घरात?"

"आहेत. पण त्यांना वेळ लागेल." मग ती वळली, स्वयंपाकघरात गेली, आत्याच्या हातून केळीच्या पानाचा एक तुकडा घेतला, त्यावर तूप माखलेली पुरणपोळी चौपदरी घडी करून ठेवली. येताना तिने स्वयंपाकघरातलं छोटं स्टूल खिडकीपाशी ओढून आणलं, त्यावर चढली आणि गजांमधून ती पोळी बाहेर धरली.

"तोवर हे खा, काका. सावकाश खा. घाई नाही."